वॉरंटी संपल्यानंतरची गाडी

हौशी : काका, गाडी घ्यायची म्हटलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला, ‘विकताना किती येतील?’ मला हा प्रश्नच पटत नाही. धंदा उभा करण्यात निम्मं आयुष्य गेलं, मुलांची शिक्षणं मार्गी लागली, डोक्यावर कर्ज नाही. आता लांब, शांत, मागे पाय पसरून बसता येईल अशी एक सेडान घ्यावी म्हणतो, तर जो तो मला ती विकण्याच्या दिवसाच्या गोष्टी सांगतो. रिसेल बघून गाडी घेणारा माणूस पुढच्या मालकासाठीच गाडी घेतो. पांढरा रंग त्याच्यासाठी, सीटवरचं प्लास्टिक त्याच्यासाठी, किलोमीटर वाढू नयेत म्हणून गाडी दारात उभी ठेवायची तीही त्याच्यासाठी. मर्सिडीजची ई-क्लास २०१७ पासून लांब व्हीलबेसमध्ये आपल्या चाकणला तयार होते. बीएमडब्ल्यूनेही २०२४ मध्ये ५ सिरीज लांब करून आणली. आईला गुडघ्याचा त्रास आहे, महिन्यातून दोनदा पुण्याला न्यावं लागतं. तिच्या पायांना मिळणारी ती जागा मी कुठल्या कोष्टकात मांडू? हौसेला मोल नसतं असं आपणच म्हणतो ना?

हिशेबी : हौसेशी माझं भांडण नाही. आईच्या पायांना जागा हवी, हे तर गाडी घेण्याचं सगळ्यात चांगलं कारण आहे. पण रिसेल म्हणजे पुढच्या मालकाची सोय, हे काही खरं नाही. तो तुझाच खर्च आहे, फक्त उशिरा कळणारा. शोरूम किंमत ७० लाख धर. पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतलीस तर महाराष्ट्रात रोड टॅक्स १३ टक्के, म्हणजे ९ लाख १० हजार. कंपनीच्या नावावर घेतलीस तर २० टक्के, १४ लाख. हा पैसा आरटीओत भरला त्याच दिवशी संपला, पुढे कोणी तो वेगळा मोजून देत नाही. विम्याचं कोष्टक काढ. सहा महिने उलटले की १५ टक्के घसारा, चौथं वर्ष सरलं की ५० टक्के. आणि लक्झरी सेडानच्या बाबतीत बाजार बहुतेक वेळा त्या कोष्टकाच्याही पुढे धावतो.

का धावतो ते बघ. पाचव्या वर्षी गाडी निम्मी झालेली नसते. इंजिन तेच, लाकूड-चामडं तेच, हायवेला १०० वर तीच शांतता. कमी होते ती घेणाऱ्याची हिंमत. वॉरंटी संपली आहे, एखादा मोठा भाग गेला तर चार-पाच लाखांचं बिल येईल, ही भीती तो तुझ्या किमतीतून वजा करतो. ती भीती खरी की खोटी हे त्यालाही माहीत नसतं. पण पैसे तुझे कापले जातात.

हौशी : मग त्या भीतीचा फायदा मीच का घेऊ नये? तीन वर्षांची, एकाच मालकाची गाडी घेतो. पहिल्या मालकाने रोड टॅक्स भरला, पहिली मोठी घसरण सोसली. त्यात सगळ्यांना आता उंच गाडी हवी आहे. सेडान म्हटलं की जुन्या बाजारात गिऱ्हाईक तोंड फिरवतं, म्हणजे ती आणखी स्वस्त. नवीनच्या जेमतेम निम्म्या पैशात तीच शांतता आणि आईच्या पायांना तीच जागा.

हिशेबी : हा विचार चांगला आहे. पण गाडी तिसऱ्या वर्षी बाजारात का आली, हे आधी विचार. काही गाड्या लीज संपली म्हणून येतात, काही मालकाला नवीन मॉडेल हवं म्हणून. आणि काही अशाही येतात ज्यांनी वॉरंटीतच दोनदा काम काढलं, नि मालकाला पुढचं चित्र दिसलं. बाहेरून तिन्ही सारख्याच चकचकीत. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये नेमका जुन्या गाड्यांचाच दाखला घेऊन निबंध लिहिला होता. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरीचा भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला विकणं परवडत नाही, आणि तो बाजारातून बाजूला होतो. मागे उरतात त्यांतल्या बऱ्याच गाड्या नको असलेल्याच. २००१ साली त्याला नोबेल मिळालं त्यामागे हाच निबंध होता. स्वस्त मिळाली म्हणून आनंदायच्या आधी एवढं ध्यानात ठेव.

हौशी : पण काका, ती खोड तपासता येते. मी एका मिस्त्रीबरोबर जाऊन अशी एक गाडी बघितली. आयुष्यभर जर्मन गाड्याच खोलणारा माणूस. त्याने मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं की गाडी सकाळी आम्ही येईपर्यंत चालू करायची नाही. गेल्यावर त्याने बॉनेट उघडलंच नाही. आधी लांब उभं राहून चारही चाकांवरची उंची बघितली. मागची डावी बाजू बोटभर खाली बसली होती. म्हणाला, एअर सस्पेन्शनच्या रबरी फुग्याला बारीक चीर गेली आहे, रात्रभर हवा सुटते. सकाळी गाडी चालू केली की कॉम्प्रेसर ती भरून काढतो, म्हणून मालकाला पत्ता नाही. पण रोज जादा पळून पळून तो कॉम्प्रेसरही जळतो, आणि मग एका फुग्याच्या कामाची दोन कामं होतात. मग टायरवरचे चार आकडे वाचले, कुठल्या वर्षाच्या कितव्या आठवड्यातला टायर आहे ते. चारपैकी एकच टायर नवा, आणि तोही त्याच बाजूचा, म्हणजे खड्ड्यात आपटल्याची शंका. शेवटी स्कॅनर लावला. या गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरखेरीज इतर युनिटमध्येही राहते, ते आकडे जुळतात का पाहिलं. तासाभरात गाडी उघडी पडली. अकरलॉफच्या काळी असा स्कॅनर नव्हता.

आणि दुसरं, तुम्ही ‘जर्मन’ म्हणून सगळ्यांना एका ओळीत उभं करता. विश्वासार्हता बिल्ल्यावर नसते, इंजिनावर असते. बीएमडब्ल्यूच्या एन-४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती सैल पडून खडखडायला लागली की तिथे पोचण्यासाठीच बरंच काही खोलावं लागतं, आणि तुटली तर इंजिनच गेलं. ते इंजिन टाळा. पण त्याच कंपनीचं बी-५८ हे सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन टोयोटाने २०१९ च्या सुप्रात बसवलं. टिकाऊपणाची शपथ ज्यांच्या नावाने घेतात त्यांनीच ते निवडलं, तर मी का घाबरू?

हिशेबी : हे तुझं म्हणणं मी मनापासून मान्य करतो. बिल्ला बघून गाडी घेणारा आणि बिल्ला बघून नाकारणारा, दोघंही सारखेच आंधळे. पण इंजिन चांगलं म्हणजे गाडी चांगली असंही नाही. सहा ते दहा या वर्षांत इंजिनाच्या आत फारसं काही बिघडत नाही, बिघडतं ते त्याच्या भोवती. उष्णतेने थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर ठिसूळ होतं, कूलंटच्या नळ्या कडक होतात. ऑइल फिल्टरच्या हाउसिंगचं गॅस्केट पाझरतं. खालच्या आर्मचे बुश आपल्या रस्त्यांवर लवकर जातात. डिझेल असेल आणि गाडी गावातल्या गावातच फिरत असेल तर धूर गाळणारा फिल्टर तुंबतो, कारण तो साफ व्हायला हायवेवरची सलग धाव लागते. यातलं एकही काम म्हणजे गाडीतला दोष नव्हे. वयानुसार झिजणारेच भाग आहेत हे. पण ही कामं एकामागून एक येतात, आणि तुझ्यासारख्याला अधिकृत वर्कशॉप दोनशे किलोमीटरवर. कूलंट गळतंय असा दिवा लागला की गाडी चालवत नेता येत नाही, टोइंगवरच जाते. अमेरिकेतल्या जे. डी. पॉवरच्या विश्वासार्हतेच्या यादीत हा खर्च दिसत नाही. ती पाहणी तीन वर्षांच्या गाड्यांची. टचस्क्रीन अडकला किंवा फोन जोडला गेला नाही तरी ती तक्रार त्यात मोजली जाते. आठव्या वर्षी मराठवाड्याच्या मे महिन्यात काय होईल, हे ती सांगत नाही.

हौशी : मग तुम्ही मला नेहमी टोयोटाची कॅमरी किंवा लेक्सस घ्यायला कशाच्या जोरावर सांगता? त्याच याद्यांत लेक्सस वर्षानुवर्षं वरच्या नंबरला असते म्हणूनच ना?

हिशेबी : यादीच्या जोरावर नाही, रचनेच्या जोरावर. लेक्ससची हायब्रिड ईएस ३०० एच उघडून बघ. टर्बो नाही. गिअरबॉक्स म्हणून जे आहे त्यात क्लच नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही, पट्टा नाही. दोन इलेक्ट्रिक मोटर आणि एक प्लॅनेटरी गिअरसेट, बस्स. वेगळा स्टार्टर नाही, त्यातली एक मोटरच इंजिन सुरू करते. अल्टरनेटर नाही. एसीचा कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंप विजेवर, म्हणून समोरचा फॅन बेल्टही नाही. जो भाग गाडीत नाहीच तो बिघडणार कसा? कॅमरीची घडण हीच. दोन्ही बंगळूरजवळ बिडदीला तयार होतात. लेक्ससने २०२४ पासून भारतात आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी दिली, हे माझ्या लेखी कुठल्याही पाहणीपेक्षा मोठं. बिघडण्याचा खर्च जी कंपनी स्वतःच्या खात्यावर घेते तिने स्वतःचा हिशेब केलेला असतो.

हौशी : मान्य. पण रिसेलचं काय? लेक्सस आपल्याकडे आली २०१७ मध्ये. मर्सिडीज १९९४ पासून पुण्यात आहे. त्यामुळे मर्सिडीज खोलणारे मिस्त्री गल्लोगल्ली नसले तरी प्रत्येक मोठ्या शहरात आहेत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तिचे जुने पार्ट मिळतात. आपल्या जिल्ह्यात आठ वर्षांची लेक्सस कोणी विकायला काढली तर ती घेणार कोण? चांगली असूनही गिऱ्हाईक दोनच, त्यातला एक मुंबईत. तुमची सगळ्यात टिकाऊ गाडी सगळ्यात सहज विकली जाईलच असं नाही. आणि मर्सिडीज आठव्या वर्षी खर्चिक असूनही तिला नावावर गिऱ्हाईक मिळतं, भाव पडेल का असेना. या दोन गोष्टी आपण एका दमात बोलतो, ‘टिकाऊ आणि रिसेल चांगली’. पण त्या एका दावणीला बांधलेल्या नाहीत.

हिशेबी : हे मात्र तू वर्मावर बोट ठेवलंस. आणि याच्या पुढची गोष्ट मला जास्त छळते. समज, तू गाडी उत्तम ठेवलीस. गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभराचं’ आहे असं गाडीची कंपनी म्हणते. पण बीएमडब्ल्यूतला आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला असं सांगते. तू ते बदललंस, फुगे वेळेवर बदललेस, कूलंटच्या नळ्या फुटायच्या आधीच नव्या टाकल्यास. सगळी बिलं फाईलला लावलीस. आठव्या वर्षी एजंटकडे गेलास. तो काय विचारतो? कितवं वर्ष, किती किलोमीटर, कितवा मालक, पासिंग कुठलं. फाईल तो चाळतो, ‘छान ठेवली हो’ म्हणतो, आणि भाव मात्र तोच सांगतो जो शेजारच्या हयगय केलेल्या गाडीला सांगितला. फार तर थोडा वर. तू घातलेल्या पाच लाखांतले चार त्या भावात दिसतच नाहीत. कारण त्याच्या गिऱ्हाईकाला ती फाईल वाचता येत नाही, आणि वाचता आली तरी तो तिच्यावर विश्वास ठेवत नाही.

याचा अर्थ असा की टिकाऊपणाचं फळ गाडी ठेवणाऱ्याला मिळतं, रिसेलचं विकणाऱ्याला. ज्याने नीट राखली आणि आठव्या वर्षी विकली, त्याने राखायचा खर्च केला आणि फळ दुसऱ्याच्या ओटीत घातलं. म्हणून विकत घेतानाच ठरवावं लागतं की आपण यातले कोण.

हौशी : ते ठरवायला आकडे लागतील. तुम्हीच मांडा.

हिशेबी : अंदाजाचेच आकडे आहेत, पण त्यांचं एकमेकांतलं अंतर बघ. नवी जर्मन गाडी ऑन-रोड ८४ लाख, पाचव्या वर्षी ३४ ला विकलीस तर वर्षाला १० लाख गेले. तीच दहा वर्षं ठेवलीस, दुरुस्तीत १६ लाख घातले आणि १४ ला विकलीस तर वर्षाला ८ लाख ६० हजार. तीन वर्षांची ४६ ला घेतलीस, चार वर्षं वापरलीस, १० लाख दुरुस्ती, २४ ला विकलीस, तर ८ लाख. यात एखादा गिअरबॉक्स गेला की तो फायदाही गेला. ७८ लाखांची हायब्रिड दहा वर्षं ठेवलीस, चार लाख दुरुस्ती आणि २० ला विकलीस तर ६ लाख २० हजार. व्याज यात कुठेच धरलेलं नाही.

हौशी : म्हणजे मनाजोगती गाडी आणि शहाणी गाडी यांत वर्षाला दोन-अडीच लाखांचा फरक. महिन्याला वीस हजार. हे मी आनंदाने देईन, काका. मला ते वळणावर जमिनीला धरून राहणारं स्टिअरिंग आवडतं. त्याची किंमत मला आता कळली, ती मला मान्य आहे. आणि धंद्यात घसारा दाखवला तर करातही काही सुटतं.

हिशेबी : घसारा वर्षाला १५ टक्के, तोही कमी होत जाणाऱ्या रकमेवर. वाचतो तो त्यावरचा कर, सगळी रक्कम नव्हे. आणि गाडी विकलीस की आलेली रक्कम त्याच खात्यातून वजा होते. त्यासाठी गाडी कंपनीच्या नावावर घेऊन सात टक्के जादा रोड टॅक्स भरू नकोस. तुझा धंदा तर तुझ्या स्वतःच्या नावावर आहे, गाडी वैयक्तिक नावावर असली तरी धंद्यापुरता घसारा मिळतो. सीएला विचारून घे. पण हा मुद्दा बारका आहे. मोठा मुद्दा वेगळाच आहे, आणि तिथे माझा हिशेब लंगडा पडतो, हे मी कबूल करतो. दहा वर्षं ठेवायची म्हटलं तरी ठेवू देणं आपल्या एकट्याच्या हातात नाही.

दिल्लीचं उदाहरण घे. हरित लवादाचा आदेश, मग २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब : डिझेल दहा वर्षं, पेट्रोल पंधरा, त्यापुढे रस्त्यावर नाही. त्या दिवसापासून तिथली नऊ वर्षांची डिझेल सेडान, कितीही जपलेली, वर्षभराचीच सोबती ठरली. त्या गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत मातीमोल भावाने गेल्या. २०२५ च्या जुलैपासून दिल्लीत उरलेल्या अशा गाड्यांना पेट्रोल-डिझेलच द्यायचं नाही असं ठरलं, ओरड झाल्यावर ते थांबलं, आणि ऑगस्टमध्ये कोर्टाने अशा मालकांवर सक्तीची कारवाई नको म्हणून अंतरिम आदेश दिला. दरम्यान ज्यांनी घाबरून विकली त्यांचे पैसे कोण परत देणार? मग २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला. मोठ्या सेडानवर सेस धरून ४८ टक्के होते ते ४० झाले, हायब्रिडवर ४३ चे ४०. नवी गाडी स्वस्त झाली तशी तुझ्यासारख्याने आदल्या महिन्यात घेतलेली गाडी उभ्या उभ्या काही लाखांनी उतरली. त्या गाडीत एक स्क्रूही ढिला झाला नव्हता.

हौशी : मग तुमचा सल्ला उलटाच पडतो की! कायदा कधी बदलेल माहीत नाही, तर जास्त पैसे अडकवून दहा वर्षांचा बेत करणाराच जास्त जोखीम घेतो. जुनी, आधीच पडलेल्या किमतीची गाडी घेणाऱ्याचं पडायचंच थोडं उरलेलं असतं.

हिशेबी : हो, तेवढ्यापुरतं तुझं बरोबर आहे. आणि वॉरंटीबद्दल मी आधी जे म्हटलं त्याचाही इथे उपयोग आहे. आठ वर्षांची वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर होत असेल तर टिकाऊपणा पहिल्यांदा कागदावर येतो आणि विकता येतो. तुझ्या फाईलवर एजंट विश्वास ठेवत नाही, कंपनीच्या शिक्क्यावर ठेवतो. पाचव्या वर्षी तीन वर्षं वॉरंटी शिल्लक असलेली गाडी आणि नसलेली गाडी, यांच्या भावातला फरक हीच त्या भीतीची बाजारातली किंमत. पण वॉरंटी कुठेतरी संपतेच. आठव्या वर्षी नाहीतर चौथ्या. त्यानंतरची वर्षं कोणाच्या तरी अंगावर येणारच आहेत. ती तू घेणार की पुढच्यावर ढकलणार, हा प्रश्न काही मिटत नाही.

हौशी : छत्रपती संभाजीनगर औरंगाबाद होतं तेव्हा, २०१० मध्ये, तिथल्या लोकांनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या. त्या वेळी कोणी रिसेलचं बोललं असेल असं मला वाटत नाही. आपल्या मराठवाड्यालाही हे जमतं, हे त्यांना दाखवायचं होतं, आणि ते त्यांनी दाखवलं. गाडीची ही किंमत तुमच्या वर्षाला इतके लाख या हिशेबात येणारच नाही.

हिशेबी : नाही येत, आणि ती खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी २०२५ मध्ये संपली, हेही तितकंच खरं. पुढे चालवायच्या तर फिटनेस तपासणी आणि नवी नोंदणी. घेतल्याचा फोटो पेपरात आला. पंधराव्या वर्षापर्यंत ती सांभाळणं मात्र ज्याने त्याने आपापल्या खिशातून केलं.

तुला घ्यायची ती गाडी घे. फक्त बुकिंगचे पैसे देण्याआधी वर्कशॉपच्या पार्ट काउंटरवर जा, आणि सहा भावांचं लेखी कोटेशन घे : एअर सस्पेन्शनचा एक फुगा, त्याचा कॉम्प्रेसर, पाण्याचा पंप, गिअरबॉक्सची तेलासकट सर्व्हिस, पुढचा एक हेडलाइट, आणि हायब्रिड असेल तर मोठी बॅटरी. मागच्या सीटखाली त्या बॅटरीला हवा देणारी जाळी असते, ती किती महिन्यांनी साफ करायची तेही विचार. आपल्या धुळीत ती तुंबते. वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का, हे सेल्समनच्या तोंडून ऐकू नकोस, पुस्तिकेतलं कलम वाच. ज्या दुकानात हे लिहून द्यायला खळखळ होईल तिथे गाडी घेऊ नकोस.